कानीतूचं कार्ड

मी सोळा वर्षं नकाशांच्या कंपनीत नोकरी केली आणि आजही शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या बाहेर पडलं की मला रस्ता सापडत नाही. आमचे हे ही गोष्ट प्रत्येक पार्टीत सांगतात, लोक हसतात, मीही हसते, कारण ती खरी आहे. मांडीवर नकाशा उघडून गाडीत बसले की मला हायवेच्या एक्झिटच्या आधी त्यावरची चूक दिसते. "अहो, या नदीचं नाव तिरक्या अक्षरात हवं होतं," असं म्हणेपर्यंत आमचं वळण मागे पडलेलं असतं. मग हे पेट्रोलपंपावरच्या माणसाला रस्ता विचारतात आणि मी खिडकीबाहेर बघत बसते.

मंडळाच्या अंकात नोकरीचे अनुभव लिहा, असं सांगितल्यावर मी बरीच टाळाटाळ केली. माझ्या मैत्रिणींपैकी कुणी इथे हॉस्पिटलात जीव वाचवले, कुणी लॅबमध्ये औषधं शोधली. मी काय केलं? कार्डांवर गावांची नावं लिहिली आणि खोडली. पण त्यातलं एक खोडणं मनातून जात नाही, तेवढं सांगते.

आमची कंपनी शिकागोत होती. जाडजूड ॲटलास काढायची, तो शाळांमध्ये, लायब्ऱ्यांमध्ये आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये जायचा. ऐंशीचं दशक होतं, कॉम्प्युटर अजून आमच्या मजल्यावर चढला नव्हता. ॲटलासमधल्या प्रत्येक गावाचं एक कार्ड असे: नाव, अक्षांश-रेखांश, आणि खाली 'आधार', म्हणजे हे गाव तिथे आहे हे आपल्याला कुणी सांगितलं. अशी कार्डं लाकडी खणांमध्ये भिंतभर लावलेली होती. गाव नकाशातून काढलं, तर त्याचं कार्ड फाडायचं नाही. त्यावर 'काढले' असं लिहून आपली आद्याक्षरं टाकायची आणि ते खालच्या खणात ठेवायचं. त्या खणाला आम्ही मसणवटा म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचे, बाकीचे नुसतं 'खालचा खण' म्हणत.

आमच्या खात्याची प्रमुख डोरथी. साठीकडे झुकलेली, बॉबकट, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, आणि तोंडात एकच मंत्र: दोन आधार. गाव घालायचं तर दोन आधार, काढायचं तर दोन आधार. तिच्या लग्नालाही दोनच माणसं हजर होती म्हणे. साक्षीदार तेवढेच लागतात, असं ती म्हणायची.

बाहेरच्यांना वाटतं की मोठं गाव नकाशावर येतं आणि लहान येत नाही. तसं अजिबात नसतं. नकाशावर जागा महत्त्वाची. मुंबईच्या आसपास लाखभर वस्तीची गावं नाव छापायला जागा नाही म्हणून गळतात, आणि कुठल्यातरी डोंगरातलं चाळीस घरांचं खेडं, आजूबाजूला दुसरं काही नाही म्हणून दिमाखात विराजमान होतं. हे ओहायोतल्या डब्लिनच्या एका मराठी गृहस्थांना मी फोनवर तीनदा समजावलं. त्यांचं म्हणणं, सांगलीचं नाव निदान नाशिकएवढ्या अक्षरात हवं. "वहिनी, तुम्ही आपल्या आहात, तुम्ही थोडं ॲडजस्ट केलं तर कोण बघतंय?" मी सांगितलं, डोरथी बघते.

पत्रांना उत्तरं देणं हेही माझ्याकडेच होतं. इराणच्या आखाताला 'अरबी' म्हणा असं एकाचं पत्र, 'फारसी'च म्हणा असं दुसऱ्याचं, आणि दोन्ही एकाच टपालाने आलेली. इराण आणि इराकचं तेव्हा खरंखुरं युद्ध चालू होतं, त्याची एक लहानशी आघाडी माझ्या टेबलावर होती. दोघांनाही मी एकच उत्तर टाइप केलं: आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. हे वाक्य माझ्या बोटांना इतकं पाठ झालं होतं की एकदा सासूबाईंना पत्र लिहितानाही शेवटी तेच येणार होतं.

अशात नव्या आवृत्तीसाठी डोरथीने इराकचं पान माझ्यापुढे ठेवलं. "तुझ्या बाजूचंच आहे ना?" ती म्हणाली. मी नागपूरची. बगदाद म्हणजे काय सीताबर्डीहून धरमपेठ नव्हे. पण तिने कौतुकाने म्हटलं होतं, म्हणून मी मान डोलावली आणि कामाला लागले.

पान मोठं देखणं होतं. वरून तिग्रीस आणि युफ्रेटीस अशा दोन नद्या येतात, देशभर एकमेकींपासून अंतर राखून वाहतात आणि खाली दलदलीच्या प्रदेशात एकत्र होतात. पश्चिमेला नुसतं वाळवंट, तिथे मला काही काम नव्हतं. एवढ्या मोठ्या देशाला समुद्र किती, तर बोटाच्या पेराएवढा. आणि वर उत्तरेला, तुर्कस्तान आणि इराणच्या सीमांवर डोंगर. खाली मैदानात बहुतेक अरब, वर डोंगरात कुर्द. कुर्दांची गंमत अशी की त्यांचे डोंगर एकाला एक लागून, पण ते वाटले गेलेत चार देशांत. आमच्या ॲटलासमध्येसुद्धा ते चार वेगवेगळ्या पानांवर येत.

माहिती मागवली, तर इराकच्या सरकारने खोकंभर पाठवली. त्यात एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं: देश, लोक आणि राज्यकारभार. दर तिसऱ्या पानावर राष्ट्राध्यक्ष. धरणावर राष्ट्राध्यक्ष, शाळेत राष्ट्राध्यक्ष, गव्हाच्या शेतात राष्ट्राध्यक्ष, आणि डोंगरात कुर्दी पोशाख घालून राष्ट्राध्यक्ष. एखाद्या लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्यामुलाची आत्याच सगळ्या फोटोंत पुढे असते ना, तसं. मंत्रिमंडळ होतं, विधिमंडळ होतं, कुर्दांना स्वायत्त प्रदेश दिलेला होता आणि सगळे फोटोत हसत होते. त्याबरोबर आली गावांची नवी अधिकृत यादी आणि उत्तरेकडचा एक ताजा नकाशा.

मी यादी घेऊन बसले. उत्तरेच्या डोंगरातली पुष्कळ गावं तिच्यात नव्हती. नकाशात बघितलं, तिथेही नव्हती. झाले दोन आधार. एका दुपारी मी ती सगळी कार्डं खालच्या खणात घातली. प्रत्येकावर 'काढले' आणि माझी आद्याक्षरं. शेवटी डोरथीने पान उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "क्लीन पेज." तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पद्मश्रीच. त्या दिवशी घरी येताना मी श्रीखंडासाठी दही आणलं.

ॲटलास छापून झाला, विकला गेला आणि पुढच्या हिवाळ्यात एक गृहस्थ भेटायला आले आहेत असा खालून फोन आला. पत्रलेखक सहसा पत्रावरच थांबतात, प्रत्यक्ष येणारा म्हणजे वेळ खाणारा. मी जरा कपाळाला आठ्या घालूनच खाली गेले. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस, बर्फाने भिजलेली टोपी हातात, काखेत लायब्ररीतून आणलेला आमचा ॲटलास. नाव नूरी. अरोरा गावात एका कपड्यांच्या दुकानात मापाप्रमाणे कोट-पँटी लहानमोठ्या करून देण्याचं काम करत होते. त्यांच्यात मोठ्या माणसाच्या नावाआधी 'काक' म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी लगेच काक नूरी म्हणायला लागले, आपल्या जिभेला त्याची सवयच.

त्यांनी इराकचं पान उघडलं आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "मॅडम, तुमच्या बुकात एक प्रिंटिंग मिस्टेक आहे. स्मॉल मिस्टेक. इथे माझं गाव होतं, कानीतू. जुन्या बुकात आहे. यातून गळलंय."

कानी म्हणजे झरा, तू म्हणजे तुती. तुतीच्या झऱ्याचं गाव. मला ते कार्ड आठवलं. मी माझ्या पत्रांच्या आवाजात त्यांना सांगितलं, की ही चूक नाही. गाव आम्ही विचारपूर्वक काढलंय, त्या देशाच्या सरकारच्या म्हणण्याप्रमाणे तिथे असं गाव नाही.

ते जराही रागावले नाहीत. "सरकार बरोबर सांगतंय, मॅडम," ते म्हणाले. "गाव नाही. सोल्जर आले, आम्हाला ट्रकमध्ये भरलं, मग बुलडोझर आणले. झऱ्यावर सिमेंट ओतलं. म्हणून तर मी इथे आहे."

मी जी उभी होते ती खुर्चीवर बसले. यादीत गाव नाही म्हणजे ते कधीतरी ओस पडलं असेल, लोक शहरात गेले असतील, असं काहीसं मी गृहीत धरलं होतं. खरं सांगायचं तर मी काहीच गृहीत धरलं नव्हतं. मी पान स्वच्छ करत होते.

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी अमेरिकेत आश्रय मागितला होता. बायको आणि मुलगी तुर्कस्तानात, एका नातेवाइकाच्या घरी, यांचा अर्ज मंजूर होण्याची वाट बघत होत्या. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने मुलाखतीत जन्मगाव विचारलं. यांनी सांगितलं. त्याने कपाटातून ॲटलास काढला, सूचीत बघितलं, पानावर बघितलं आणि म्हणाला, तुम्ही जिथे जन्मलात म्हणता ते गाव जगात नाही. जे गाव नाही ते सरकारने पाडलं कसं? पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती. गावाचा पुरावा आणा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.

"माझ्याकडे कागद नाही," काक नूरी म्हणाले. "घरात होते. घर नाही. तुम्ही फक्त लिहून द्या, प्रिंटिंग मिस्टेक. बस."

त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, हे तर झालंच. पण आधी जमिनीवरून, मग यादीतून आणि शेवटी नकाशातून ते गाव गेलं, आणि त्यातलं शेवटचं काम नागपूरच्या एका बाईने शिकागोत बसून, चहा पीत केलं होतं. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे न बघताच मी म्हणाले, उद्या फोन करते.

घरी यांना सांगितलं. यांचा चेहरा लगेच गंभीर झाला. "हे बघ, आपण अजून ग्रीन कार्डवर आहोत. इमिग्रेशनच्या फाइलमध्ये आपलं नाव कशाला घालून घ्यायचं? आणि कंपनीने काढून टाकलं तर? मॉर्गेज आहे, यार." हे मला यार म्हणाले की समजावं, खरोखर घाबरलेत. त्यांचं चुकत नव्हतं. मीही घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी मसणवट्यातून कानीतूचं कार्ड काढलं आणि डोरथीपुढे ठेवलं. सगळं सांगितलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कंपनी कुणाची बाजू घेत नाही," ती म्हणाली. "आपण कोर्टासाठी पत्रं देत नाही. प्रिंटिंग मिस्टेक तर मुळीच लिहिणार नाही, ती झालेली नाही."

"ठीक आहे," मी म्हणाले आणि कार्ड उचलायला गेले.

तिने कार्डावर बोट दाबून धरलं. "काढताना आधार किती होते?"

"दोन. यादी आणि नकाशा."

"यादी कुणाची?"

"सरकारची."

"नकाशा कुणाचा?"

यादी त्यांची, नकाशा त्यांचा, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांच्या फोटोंचं पुस्तक तेही त्यांचंच. सगळे एकाच माळेचे मणी, आणि मी ते वेगवेगळे मोजले होते. सोळा वर्षांत अशी चूक माझ्याकडून दुसरी झाली नाही, आणि बाहेरच्या माणसाला ही चूक आहे हे कळणारही नाही.

"म्हणजे आधार एक," डोरथी म्हणाली. "एका आधारावर गाव काढता येत नाही. आणि ते पान क्लीन आहे असं मीच म्हणाले होते." तिने चष्मा उतरवला. "ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यायचं, हा आपला नियम आहे. त्यांचा प्रश्न काय?"

"माझं गाव कुठे आहे."

"मग उत्तर दे. सही तुझी. आद्याक्षरं तुझी आहेत."

आयुष्यात इतकं कोरडं पत्र मी लिहिलं नसेल. कानीतू: अक्षांश अमुक, रेखांश अमुक. मूळ आधार दोन, एक जुनं सर्वेक्षण आणि एका प्रवासी भूगर्भशास्त्रज्ञाचा नकाशा. मागच्या सर्व आवृत्त्यांत छापलेलं. चालू आवृत्तीत केवळ त्या देशाच्या सरकारच्या कागदांवरून काढलेलं. काढणारी व्यक्ती: खाली सही करणारी. 'आस्थेबद्दल आभार' हे शेवटचं वाक्य टाइप करून मी पुन्हा खोडलं.

तारखेला पत्र, जुनी आवृत्ती आणि कार्ड घेऊन मी काक नूरींबरोबर गेले. मी जाऊ नये असं यांना वाटत होतं, पण सकाळी गाडी काढून यांनीच मला स्टेशनवर सोडलं आणि थर्मासही हातात दिला. अधिकारी तरुण होता, त्याला सर्दी झाली होती, टेबलावर रुमालांचा ढीग. आमचा ॲटलास त्याच्या मागच्या कपाटात दिसत होता. त्याने पत्र दोनदा वाचलं, जुन्या आवृत्तीचं पान बघितलं, कार्ड उलटसुलट केलं.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो."

"का?"

"तिथल्या सरकारने सांगितलं की ते नाही."

"आणि आहे का?"

"आता नाही," मी म्हणाले. "होतं. आम्ही होतं-नव्हतंची नोंद नीट ठेवली नाही, त्यात यांची काही चूक नाही."

तो नाक पुसत बराच वेळ लिहीत राहिला. काक नूरी खाली वाकले आणि माझ्या कोटाचं लोंबणारं बटण दोन बोटांत धरून बघू लागले. मला वाटलं मन रमवायला काहीतरी करताहेत. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून सुईदोरा काढला आणि कॉरिडॉरच्या बाकावर बसून ते बटण लावून दिलं. टाके अगदी सरळ पडले.

अर्ज मंजूर झाल्याचं वसंतात कळलं. माझ्या नोकरीला काही झालं नाही, ग्रीन कार्डालाही नाही. हे तेव्हापासून पार्टीत सांगायला लागले की मी आधीच म्हटलं होतं, जा म्हणून.

राहिला प्रश्न पुढच्या आवृत्तीचा. कार्ड मसणवट्यातून वर आलं होतं, पण गाव जमिनीवर नव्हतं. नाही ते आहे म्हणून छापणं हेही नियमाबाहेर. चार दिवस मी तो कोपरा बघत बसले. त्याच पानावर खाली बाबिलोन होतं, वर निनेवे होतं, आणि त्यांच्यापुढे तीन ठिपक्यांचं लहानसं चिन्ह. आमच्या चिन्हांच्या सूचीत त्याचा अर्थ: अवशेष.

मी डोरथीला विचारलं, अवशेष किती जुने हवेत? तिने नियमांची वही काढली, पुढून मागून चाळली. "लिहिलेलं नाही," ती म्हणाली आणि वही मिटली. नव्या आवृत्तीत चाळीस घरांचं कानीतू बाबिलोनच्या रांगेत जाऊन बसलं. खालच्या खणातली दुसरीही गावं मी दुसरा आधार शोधून एकेक करून तशी वर आणली. सगळ्यांना तो मिळाला नाही. ती कार्डं तिथेच राहिली, आणि त्यांच्यासाठी कुणी टोपी हातात घेऊन आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

दशक संपत आलं होतं. काक नूरींची बायको आणि मुलगी येऊन महिना झाला होता. मी आणि हे नवी आवृत्ती घेऊन अरोराला त्यांच्या घरी गेलो. अर्थात एक एक्झिट चुकून. भात, भेंडी, आणि चहा इतका गोड की हे खूश. मग मी पान उघडलं.

काक नूरींची बायको, गुलनाझ, पानावर वाकली. पुष्कळ वेळ बघून तिने नवऱ्याला काहीतरी सांगितलं. ते संकोचले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम. खूप छान आहे. ती म्हणते... एक स्मॉल मिस्टेक आहे. गाव ओढ्याच्या या बाजूला छापलंय. आमचं गाव त्या बाजूला होतं."

इतक्या वर्षांच्या सवयीने आस्थेबद्दल आभार माझ्या ओठांवर आलंच होतं. ते गिळलं. पर्समधून पेन्सिल काढली आणि काक नूरींना म्हटलं, तुम्ही जरा स्वयंपाकघरात जा. ते गोंधळून गेले. मी गुलनाझपुढे पान सरकवलं आणि खुणेने विचारलं, कुठे? तिने बोट ठेवलं. मी तिथे पेन्सिलीने, माहीत असल्याशिवाय दिसणार नाही इतकं बारीक टिंब केलं आणि त्यावर चहाची बशी ठेवली. मग तिला आत पाठवलं आणि त्यांना बाहेर बोलावलं. बशी जरा सरकवून, टिंब दिसणार नाही अशी धरून विचारलं, काक नूरी, तुमचं घर कुठे होतं?

त्यांनी चष्मा लावला. बोट ओढ्यावरून पलीकडे नेलं आणि बशीच्या कडेशी थांबवलं. "इथे खाली आहे," ते म्हणाले. "बशी काढा."

मी बशी उचलली. त्यांचं बोट सरळ टिंबावर येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. आमचं एका एक्झिटवर कधी एकमत झालेलं नाही. मी त्यांना दाखवायला आणलेलं कानीतूचं कार्ड पर्समधून बाहेर घेतलं, जुनं स्थान खोडलं, नवं लिहिलं, आद्याक्षरं टाकली, आणि खाली 'आधार' या शब्दापुढे लिहिलं: दोन.